दुर्मीळ परोपजीवी वनस्पतीच्या नव्या ठिकाणांचा शोध : रॅफ्लेशिया कुळाचा एक ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १७९७ ते २०२५)

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात 'शोध' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखादी वनस्पती विज्ञानाला प्रथम ज्ञात होणे हा पहिला अर्थ, आणि ज्ञात वनस्पती नव्या ठिकाणी आढळणे हा दुसरा. इतिहासग्रंथांतून पहिल्या अर्थालाच अधिक प्रतिष्ठा मिळालेली दिसते. प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव वनस्पतीच्या नावाला कायमचे जोडले जाते. नवे ठिकाण सांगणाऱ्याचे नाव मात्र बहुधा एखाद्या नमुनापत्रावरील दोन ओळींत, किंवा तेथेही नाही, अशी स्थिती असते. वास्तविक दुर्मीळ वनस्पतीच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा शोधच अधिक निर्णायक ठरतो. एखादी जाती एकाच दरीत उरली आहे की दहा दऱ्यांत, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते.

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने ज्या वनस्पतींबाबत उपस्थित होतो, त्यांत रॅफ्लेशिया कुळाचा समावेश करावा लागेल. जगातील सर्वांत मोठे एकल फूल धारण करणारे हे कुळ पूर्णतः परोपजीवी आहे. आग्नेय आशियाच्या पर्जन्यवनांत ते आढळते आणि त्याची एक शाखा भारताच्या ईशान्य सीमेपर्यंत पोहोचलेली आहे. सव्वादोनशे वर्षांत या कुळातील वनस्पतींची ठिकाणे कोणी शोधली, कोणी नोंदविली आणि ती नोंद कोणाच्या नावावर जमा झाली, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या वनस्पतींची दुर्मीळता काही अंशी निसर्गाची आणि काही अंशी नोंदींची आहे. ज्यांना ठिकाण ठाऊक होते त्यांना नोंदीत स्थान नव्हते, आणि जेथे हे अंतर कमी झाले तेथेच नवी ठिकाणे व संरक्षण या दोन्ही गोष्टी शक्य झाल्या, असे प्रतिपादन येथे केले आहे.

वनस्पतीचे स्वरूप आणि 'ठिकाण' या संकल्पनेची अडचण

परोपजीवी वनस्पती म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आंब्यावरील बांडगूळ किंवा कुंपणावर पसरलेली पिवळी अमरवेल उभी राहते. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात. अमरवेलीला निदान खोड असते. रॅफ्लेशियाला यांपैकी काहीही नाही. पान, खोड आणि खरे मूळ या तिन्ही अवयवांचा तिच्यात अभाव आहे. द्राक्षकुळातील टेट्रास्टिग्मा या रानवेलीच्या ऊतींमध्ये बुरशीच्या तंतूंसारख्या सूक्ष्म धाग्यांच्या रूपाने ती राहते आणि अन्नपाण्यासाठी सर्वस्वी त्या वेलीवर अवलंबून असते. वेलीच्या मुळावर किंवा खोडावर एखादी गाठ उमटते, तिची कळी होते, ती कित्येक महिने वाढते आणि अखेरीस कोबीच्या गड्ड्यासारखी दिसू लागते. फूल उमलल्यावर साधारण पाच ते सात दिवसांत काळे पडून कुजते. फुलाचा वास सडक्या मांसासारखा असून त्या वासाने येणाऱ्या माश्यांकडून परागवहन होते. बहुतेक जातींत नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. त्यामुळे जवळपास एकाच वेळी दोन्ही प्रकारची फुले उमलली तरच फलधारणा संभवते.

या जीवनक्रमाचा इतिहासाशी थेट संबंध आहे. फूल नसताना ही वनस्पती डोळ्यांना दिसतच नाही. ज्या वेलीच्या अंगात ती आहे, ती वेल बाहेरून इतर वेलींसारखीच असते. म्हणजेच वर्षातील बहुतेक दिवस एखादा निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञही त्या वेलीवरून पाऊल टाकून पुढे जाईल आणि 'येथे ही जाती नाही' अशी नोंद करील. ठिकाण ओळखण्यासाठी त्याच जंगलात वर्षभर वावर असावा लागतो. मोहिमेवर आलेल्या प्रवाशाकडे तो नसतो; जंगलात राहणाऱ्याकडे असतो.

हरवलेला पहिला शोध

या कुळाचा पहिला युरोपीय साक्षीदार लुई ओगुस्त देशाँ हा फ्रेंच शल्यवैद्य व निसर्गअभ्यासक होय. बेपत्ता झालेल्या ला पेरूझ या नाविकाच्या शोधार्थ १७९१ साली निघालेल्या दांत्रकास्तो याच्या मोहिमेत तो होता. ही मोहीम जावा बेटावर विस्कटली. तेथील डच अधिकाऱ्यांनी पुढे देशाँला बेटाचे निसर्गसंशोधन करण्याची संधी दिली. १७९७ मध्ये जावाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या नुसाकम्बांगन या लहान बेटावर त्याला आज रॅफ्लेशिया पात्मा या नावाने ओळखली जाणारी जाती आढळली. १७९८ मध्ये मायदेशी परतताना त्याचे जहाज ब्रिटिशांच्या हाती पडले आणि टिपणे व चित्रे जप्त झाली. देशाँच्या हयातीत ती त्याला परत मिळाली नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील संग्रहात या कागदपत्रांची ओळख पटली, तेव्हा त्याच्या शोधाचे महत्त्व लक्षात आले.

दरम्यान १८२५ मध्ये डच सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग ब्लूम याने त्याच बेटावरील त्याच जातीचे शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे युरोपीय विज्ञानाच्या दृष्टीने एकाच ठिकाणाचा अठ्ठावीस वर्षांत दोनदा शोध लागला. ज्ञान हे पाहण्याने नव्हे, तर नोंद सुरक्षित पोहोचण्याने सिद्ध होते, हे या घटनेतून दिसते. देशाँच्या बाबतीत युद्धामुळे नोंद हरवली. अन्य अनेकांच्या बाबतीत नोंद झालीच नाही.

मान्ना नदीचा काठ, १८१८

इतिहासग्रंथांत रॅफ्लेशियाचा आरंभ मे १८१८ पासून मानला जातो. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेंकूलेन, म्हणजे आजचे बेंगकुलू, हे ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे होते. तेथे नुकताच लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आलेला स्टॅम्फर्ड रॅफल्स आपल्या पत्नीसह मान्ना नदीच्या काठाने अंतर्भागात निघाला. डॉ. जोसेफ अर्नोल्ड हा शल्यवैद्य निसर्गअभ्यासक म्हणून त्याच्यासमवेत होता. पुलो लेब्बार या ठिकाणी अर्नोल्ड मंडळींपासून थोडा पुढे गेलेला असताना एक मलय सेवक धावत त्याच्याकडे आला आणि एक विलक्षण मोठे फूल पाहण्यासाठी त्याला झाडीत घेऊन गेला. अर्नोल्डने फूल मुळापासून वेगळे केले आणि मुक्कामी नेले. फुलाचा व्यास एक यार्ड, वजन सुमारे पंधरा पौंड आणि मधल्या पेल्यात बारा पाइंट द्रव मावेल इतकी जागा, अशी मापे त्याने नोंदविली. सोबत साक्षीदार नसते तर या आकाराविषयी लिहिण्यास आपण धजावलो नसतो, अशा आशयाचे उद्गारही त्याने पत्रात काढले आहेत.

अर्नोल्डचे ते पत्र अपूर्णच राहिले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पादांग येथे तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याने सुरू केलेले फुलाचे चित्र रॅफल्स पतिपत्नींनी पूर्ण केले आणि चित्र व जतन केलेले अवशेष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे लंडनला रवाना झाले. जून १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन याने लिनियन सोसायटीपुढे या वनस्पतीवर निबंध वाचला. प्रजातीला रॅफल्सचे आणि जातीला अर्नोल्डचे नाव मिळाले. ज्या सेवकाने फूल प्रथम पाहिले, त्याचा उल्लेख अर्नोल्डच्या पत्रात आहे. त्याचे नाव मात्र नाही.

या वगळण्याचा विचार केवळ व्यक्तिगत अन्याय म्हणून करणे पुरेसे नाही. सेवक, वाटाडे व हमाल यांची नावे न नोंदविणे ही त्या काळच्या प्रवासवृत्तांतांची सर्वसाधारण रीत होती. प्रश्न असा की, या रीतीमुळे ज्ञानाचे नुकसान झाले काय? याचे उत्तर त्याच कागदपत्रांत सापडते. अर्नोल्डच्या मृत्यूनंतर रॅफल्सने बँक्स यांना जी पुरवणी माहिती पाठविली, तीत हे फूल समजले होते त्यापेक्षा अधिक ठिकाणी आढळते व स्थानिकांना ते चांगले परिचित आहे, असे कळविले आहे. त्याची क्रुबुत आणि अंबुन-अंबुन ही नावे दिली आहेत. ते वर्षातून एकदा पावसाळ्याच्या अखेरीस येते, त्याला स्वतःचे खोड नसून ते एका रानवेलीवर उगवते, असा तपशीलही तेथे आहे. काही दिवसांच्या प्रवासात एकाही युरोपीय व्यक्तीला एवढे निरीक्षण करणे शक्य नव्हते. ऋतुमान आणि ठिकाणांचा विस्तार यांविषयीची ही माहिती गावकऱ्यांकडूनच आलेली असणार. पहिल्या शास्त्रीय नोंदीतील एक मोठा भाग अशा रीतीने लोकज्ञानाचा होता. तो स्वीकारला गेला. त्याचा स्रोत मात्र 'स्थानिक' या एका शब्दात विरघळून गेला.

नावांची साक्ष

स्थानिक नावे हा या इतिहासाचा दुर्लक्षित पुरावा होय. ज्या वस्तूला नाव आहे, ती कोणाला तरी ठाऊक आहे. ब्लूमने जावातील जातीला दिलेले 'पात्मा' हे नाव तेथील लोकांच्या तोंडचेच आहे आणि त्याचा उगम 'पद्म' या संस्कृत शब्दात आहे. मलय द्वीपकल्पात हेच नाव 'पाकमा' या रूपाने आढळते. इंडोनेशियात रॅफ्लेशिया अर्नोल्डीला आजही 'पद्म राक्सासा', म्हणजे राक्षसी कमळ, असे म्हणतात. भारतीय परंपरेत सुगंध व पावित्र्य यांचे प्रतीक असलेल्या पद्माचे नाव सागरापलीकडे सडक्या मांसाच्या वासाच्या फुलाला लाभावे, हे भाषेच्या प्रवासाचे एक मौजेचे उदाहरण आहे. तथापि मौजेपलीकडे त्यातून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. हे नाव १८१८ च्या कितीतरी आधीपासून प्रचलित असले पाहिजे.

सुमात्राच्या अंतर्भागात रॅफ्लेशिया हासेल्टी या जातीला 'चेंदावान मुका रिमाऊ', म्हणजे वाघाच्या तोंडाची अळंबी, असे म्हणतात. तांबड्या पाकळ्यांवरील मोठ्या पांढुरक्या ठिपक्यांवरून हे नाव पडले असावे. फिलिपिन्समधील मिंदनाओ बेटावर बागोबो लोक शाडेनबर्गियाना या जातीला 'बो-ओ' म्हणतात. त्याच बेटावरील हिगाओनोन लोकांचे नाव वेगळे आहे. एकाच जातीला दोन जमातींत दोन स्वतंत्र नावे असणे म्हणजे तिची किमान दोन ठिकाणे स्वतंत्रपणे ज्ञात असणे होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लोकज्ञान आणि वर्गीकरणशास्त्र ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. मान्नाकाठच्या गावकऱ्याला आपल्या रानातील फूल माहीत होते. परंतु जावा आणि सुमात्रा येथील फुले एका प्रजातीची, तरी जातीने भिन्न आहेत, हे ठरविण्यासाठी दोन्हीकडचे नमुने एका टेबलावर यावे लागतात. या वनस्पतीचे आप्त कोण, हा ब्राउनला पडलेला प्रश्न तर २००७ पर्यंत सुटला नव्हता. त्या वर्षी चार्ल्स डेव्हिस व सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे हे कुळ एरंडकुलातून उद्भवल्याचे दाखवून दिले. अत्यंत लहान फुलांच्या कुलात जगातील सर्वांत मोठे फूल निपजले, हे ज्ञान कोणत्याही एका जंगलात राहून मिळणारे नव्हते. त्याचप्रमाणे लोकज्ञान नेहमीच संरक्षक असते असेही नाही. जावा व मलाया येथे बाळंतिणीच्या औषधासाठी रॅफ्लेशियाच्या कळ्या खुडून विकण्याची जुनी प्रथा आहे. ठिकाण ज्याला ठाऊक, त्याच्याच हातून कळी खुडली जाण्याचा संभव अधिक. म्हणूनच प्रश्न श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नसून दोन ज्ञानपद्धतींच्या परस्परसंबंधाचा आहे.

मिशमी टेकड्या ते नामदफा : भारतातील शाखा

रॅफ्लेशियाची एक धाकटी बहीण भारतात आढळते. तिचे शास्त्रीय नाव साप्रिया हिमालयाना. तिच्या शोधाचा संदर्भही कंपनी सरकारच्या व्यापारी हेतूंशी निगडित आहे. आसामातील रानटी चहाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या मंडळात नॅथॅनिएल वॉलिच व जॉन मॅक्लेलंड यांच्यासह विल्यम ग्रिफिथ हा तरुण शल्यवैद्य होता. ते काम आटोपल्यावर १८३६ च्या अखेरीस ग्रिफिथने मिशमी टेकड्यांचा प्रवास केला आणि तेथे त्याला सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाचे, तांबड्या रंगावर पिवळे ठिपके असलेले, दहा दलांचे हे फूल आढळले. सडकेपणा दर्शविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्याने प्रजातीचे नाव योजिले. त्याचा निबंध लिनियन सोसायटीच्या कार्यवृत्तांत छापला जात असतानाच्या काळात, १८४५ मध्ये, मलाक्का येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या प्रवासाच्या रोजनिशा १८४७ मध्ये कलकत्त्याहून मॅक्लेलंडने प्रसिद्ध केल्या.

यानंतर साप्रियाच्या भारतातील नोंदी तुरळकच राहिल्या. भारतीय वनस्पतींच्या 'रेड डेटा बुक'मध्ये तिचा समावेश झाला. २००३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात आणि त्यानंतर २००४ मध्ये जैवविविधताविषयक एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात, अरुणाचल प्रदेशातील नामदफा राष्ट्रीय उद्यानातून तिची नोंद व तेथील संख्येचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नामदफा हे मिशमी टेकड्यांच्या दक्षिणेस, त्यांना जवळचे असे क्षेत्र आहे. ग्रिफिथच्या नोंदीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी शेजारच्या प्रदेशात 'दुर्मीळ' वनस्पतीचे ठिकाण नोंदविले जाते, याचा अर्थ ती तेथे नव्याने उगवली असा होत नाही. या डोंगराळ प्रदेशात योग्य ऋतूत, योग्य वेलीपाशी, नोंद करू शकणारा अभ्यासक पोहोचण्यास तेवढा काळ लागला, इतकाच त्याचा अर्थ. दोन नोंदींमधील दीर्घ मौन हे वनस्पतीच्या अभावाचे नव्हे, तर अभ्यासकाच्या अभावाचे मौन होते.

फिलिपिन्स : नामशेषतेकडून पुनर्शोधाकडे

नोंदीची दुर्मीळता आणि निसर्गाची दुर्मीळता यांतील फरक सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो फिलिपिन्समध्ये. १८८२ मध्ये अलेक्झांडर शाडेनबर्ग याला मिंदनाओतील आपो पर्वताच्या परिसरात मोठ्या आकाराची रॅफ्लेशिया मिळाली. १८८५ मध्ये तिला त्याचे नाव देण्यात आले. पुढे शंभराहून अधिक वर्षे ती कोणाही अभ्यासकाच्या दृष्टीस पडली नाही आणि ती नामशेष झाली असावी, असे मानले जाऊ लागले. १९९४ मध्ये दक्षिण कोताबातो प्रांतात ती पुन्हा आढळली. २००७ मध्ये बुकिदनोन प्रांतात तिचे आणखी एक ठिकाण ज्ञात झाले. बुकिदनोनच्या हिगाओनोन लोकांच्या भाषेत तिला नाव होतेच. ग्रंथांत नामशेष ठरलेली जाती लोकभाषेत जिवंत होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात या प्रजातीच्या दोनच जाती मानल्या जात. २००२ मध्ये पनाय बेटावरून रॅफ्लेशिया स्पेसिओसा ही जाती वर्णिली गेली आणि पुढील पंधरा वर्षांच्या आत ही संख्या डझनाच्या पुढे गेली. एवढ्या थोड्या अवधीत इतक्या जाती पुढे याव्यात, याचे एक कारण म्हणजे ज्युली बार्सेलोना, पीटर पेल्झर, एडविनो फर्नांडो यांच्यासारख्या अभ्यासकांचे सातत्यपूर्ण क्षेत्रकार्य होय. पण त्याबरोबरच ही माहिती अभ्यासकांपर्यंत पोहोचविणाऱ्यांचे वर्तुळही विस्तारले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. लुझोनच्या उत्तर भागातील रॅफ्लेशिया लेओनार्दी ही जाती २००८ मध्ये वर्णिली गेली. तेथील आगता लोकांत तिला स्वतंत्र नाव होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली रॅफ्लेशिया कॉन्सुएलोए ही दहा सेंटिमीटरहून लहान व्यासाची जाती तर एका योगायोगाने सापडली. पाहणीसाठी बरोबर घेतलेल्या दोन स्थानिक साहाय्यकांपैकी एकाचा पाय पालापाचोळ्याच्या ढिगाला अडखळला आणि खाली कुजत चाललेले फूल उघडे पडले. जातीला नाव मिळाले ते एका उद्योगपतीच्या पत्नीचे. नामकरणाच्या शास्त्रीय संकेतांत हे बसते. परंतु १८१८ मधील मलय सेवक आणि २०१६ मधील साहाय्यक यांच्यातील साम्य नजरेआड करता येत नाही.

लेओनार्दी हे नाव ज्यांच्या स्मरणार्थ नव्हे तर हयातीतच सन्मानार्थ दिले गेले, ते लिओनार्ड को हे फिलिपिन्सचे अग्रगण्य क्षेत्रवनस्पतिशास्त्रज्ञ. १५ नोव्हेंबर २०१० रोजी लेते बेटावर वनपाहणी करीत असताना त्यांचा गोळीबारात मृत्यू झाला. त्यांच्याबरोबर एक वनरक्षक आणि एक स्थानिक शेतकरी असे दोघेही मरण पावले. क्षेत्रकार्याचे धोके शास्त्रज्ञ व वाटाडे यांच्यात समान वाटले जातात. श्रेयाची वाटणी मात्र तशी समान होताना दिसत नाही.

ठिकाण उघड करावे की गुप्त ठेवावे?

नव्या ठिकाणाच्या शोधाबरोबर एक नैतिक पेचही जन्माला येतो. ठिकाण प्रसिद्ध केले नाही तर त्याला कायद्याचे संरक्षण मिळण्यास आधार राहत नाही. वृक्षतोड करणारा किंवा मळा लावणारा 'येथे काहीच नाही' असे म्हणू शकतो. ठिकाण प्रसिद्ध केले तर पाहणाऱ्यांची रीघ लागते. रॅफ्लेशियाच्या लहान कळ्या पाचोळ्याखाली, वेलीच्या मुळावर असतात. फुलाचे छायाचित्र घेण्यासाठी पुढे सरसावणाऱ्या पावलांखाली पुढच्या वर्षीची फुले चिरडली जातात. कळी खुडणाऱ्या व्यापाऱ्यालाही पत्ता मिळतो. वाटाघाटीला येथे वेळ नसतो. फूल आठवडाभराचे, पण तुडवलेली वेल सावरण्यास वर्षे लागतात.

इतर वनस्पतींबाबत उद्यानात जतन करणे हा एक मार्ग असतो. येथे तो जवळपास बंद आहे. परोपजीवी व आश्रयी वेल या दोघींना एकत्र वाढवावे लागते आणि सूक्ष्म बियांपासून वेलीत प्रवेश घडवून आणणे अत्यंत कठीण ठरले आहे. बोगोर येथील वनस्पतिउद्यानात बाधित वेलीचे कलम करून वाढविलेल्या रोपावर २०१० मध्ये रॅफ्लेशिया पात्माचे फूल उमलले, ते या क्षेत्रातील मोठे यश मानले जाते. अशी यशे मोजकीच आहेत. म्हणून मूळ ठिकाण हेच या वनस्पतीचे एकमेव भरवशाचे घर ठरते.

या पेचावर काही ठिकाणी व्यावहारिक तोडगा निघाला. मलेशियातील सबाह राज्यात पोरिंग परिसरातील काही गावकऱ्यांच्या खाजगी जमिनीवर रॅफ्लेशिया कीथी ही जाती आढळते. फूल उमलले की जमीनमालक रस्त्यावर फलक लावतो, शुल्क घेतो, पायवाट आखतो आणि वेलीभोवती कुंपण घालतो. या व्यवस्थेला तेथील उद्यान प्रशासनातील जमिली नाइस यांच्यासारख्या अभ्यासकांचे पाठबळ लाभले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या प्रजातीवरील पायाभूत ग्रंथ मानला जातो. पेराक राज्यातील गोपेंगजवळच्या उलू गेरो या सेमाई वस्तीत पूर्वी कळ्या खुडून दलालांना विकल्या जात. मलेशियन नेचर सोसायटीच्या सहकार्याने तेथील तरुण मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षित झाले आणि कळीपेक्षा उमललेले फूल अधिक उत्पन्न देऊ लागले. दोन्ही उदाहरणांत ठिकाणाचे ज्ञान ज्याच्याकडे होते, त्याच्याकडेच ठिकाणाची जबाबदारी व लाभ हे दोन्ही आले. पर्यटनावर आधारलेल्या या व्यवस्थेला मर्यादा आहेत. रस्त्यापासून दूरच्या ठिकाणी ती चालत नाही आणि गर्दी वाढल्यास तीच घातक ठरू शकते. तरीही केवळ बंदीच्या फलकापेक्षा ती अधिक टिकाऊ ठरल्याचे दिसते.

सद्यःस्थिती आणि जुना प्रश्न

इंडोनेशियाने १९९३ मध्ये रॅफ्लेशिया अर्नोल्डीला राष्ट्रीय 'दुर्मीळ पुष्पा'चा दर्जा दिला. जानेवारी २०२० मध्ये पश्चिम सुमात्रातील मानिंजाऊ परिसरात १११ सेंटिमीटर व्यासाच्या फुलाची नोंद झाली आणि जगभर तिची वार्ता पसरली. परंतु अशा कौतुकामागील चित्र चिंताजनक आहे. २०२३ मध्ये ख्रिस थोरोगुड व विविध देशांतील सहकाऱ्यांनी प्रजातीच्या ४२ जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या मूल्यमापनानुसार २५ जाती अतिसंकटग्रस्त, १५ संकटग्रस्त आणि २ असुरक्षित या वर्गात मोडतात. त्यांच्या अधिवासांपैकी सुमारे ६७ टक्के कोणत्याही संरक्षित क्षेत्रात येत नाहीत. संरक्षित क्षेत्राबाहेरचे जंगल म्हणजे गावांचे, जमातींचे किंवा खाजगी मालकीचे जंगल. तेथे संरक्षण होईल ते तेथील माणसांच्या संमतीनेच. या आकड्यांचा ऐतिहासिक अन्वय असा की, दोनशे वर्षे ज्यांची नावे गाळली गेली, त्यांच्याच हाती आता या कुळाचे बहुतांश भवितव्य आहे.

नोव्हेंबर २०२५ मधील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. पश्चिम सुमात्रात रॅफ्लेशिया हासेल्टी उमलताना पाहण्यात एका संयुक्त पथकाला यश आले. त्यातील सेप्तियान आंद्रिकी हे इंडोनेशियाई संवर्धक या फुलासाठी तेरा वर्षे प्रतीक्षा करीत होते. ते भावनावश झाल्याची ध्वनिचित्रफीत जगभर पाहिली गेली. ही जाती नवी नव्हती. १८७९ पासून शास्त्राला आणि त्याही आधीपासून 'वाघमुखी अळंबी' म्हणून स्थानिकांना ती परिचित होती. तथापि परदेशी विद्यापीठाच्या प्रारंभीच्या निवेदनात इंडोनेशियाई सहकाऱ्यांची नावे नसल्याबद्दल त्या देशात तीव्र नापसंती व्यक्त झाली. १८१८ मध्ये असा आक्षेप कोणी घेतला नसता. २०२५ मध्ये तो घेतला गेला आणि तो ऐकलाही गेला, हा या इतिहासातील लक्षणीय बदल होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, दुर्मीळ परोपजीवी वनस्पतीचे 'नवे ठिकाण' हे बहुतेक वेळा केवळ नोंदीच्या दृष्टीने नवे असते. क्रुबुत, पात्मा, बो-ओ, चेंदावान मुका रिमाऊ ही नावे त्याची साक्ष देतात. दुसरा असा की, 'आढळत नाही' या नोंदीकडे इतिहासकाराने व वनस्पतिशास्त्रज्ञाने समान संशयाने पाहिले पाहिजे. शाडेनबर्गियानाची शंभर वर्षांची आणि नामदफा-मिशमी परिसरातील साप्रियाची दीडशेहून अधिक वर्षांची शांतता ही नोंद करणाऱ्यांच्या अनुपस्थितीतून आली होती. तिसरा निष्कर्ष श्रेयाविषयी आहे. वाटाड्याचे नाव नोंदविणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. कोणी, कोणत्या ऋतूत, कोणत्या वेलीपाशी फूल पाहिले हे ठाऊक असेल, तरच पुढच्या पिढीचा अभ्यासक त्या ठिकाणी पुन्हा पोहोचू शकतो. नाव गाळले की पत्त्याचा अर्धा भाग हरवतो.

महाविद्यालयीन पातळीवर होणाऱ्या वनस्पतिसर्वेक्षणांनाही हे निष्कर्ष लागू पडतात. सह्याद्रीतील असो वा ईशान्येकडील, एखाद्या परिसराची वनस्पतिसूची तयार करताना स्थानिक नाव, माहिती देणाऱ्याचे त्याच्या संमतीने नाव, फुलण्याचा काळ आणि आश्रयी वनस्पती यांची नोंद नमुनापत्रावर करणे अवघड नाही. तसेच संवेदनशील जातीचे नेमके ठिकाण छापावे की नाही, याचा निर्णय त्या ठिकाणी राहणाऱ्यांशी विचारविनिमय करून घेणेही शक्य आहे. रॅफ्लेशिया अन्नासाठी वेलीवर अवलंबून आहे आणि वेल जंगलावर. ते जंगल उरेल की नाही, हे ठरविणाऱ्यांमध्ये मान्नाकाठच्या त्या अनामिक सेवकाचे वारस आहेत. त्यांचे ज्ञान नोंदीत सन्मानाने आले, तर शोधाचा इतिहास अधिक पूर्ण होईल आणि पुढील शोधांसाठी ती ठिकाणेही शिल्लक राहतील.